व्हेनिस : शहराचा इतिहास आणि रोजचे जगणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या सहलीला निघालेले, तिकडून परत आलेले आणि केवळ कुतूहलापोटी विचारणारे वाचक व्हेनिसविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. चर्च, राजवाडे आणि चित्रे यांची माहिती कोणत्याही प्रवास-मार्गदर्शिकेत मिळते. म्हणून येथे भर आहे तो हे शहर चालते कसे, यावर. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हेनिस हे एक बेट आहे की अनेक बेटांचा समूह?

अनेक बेटांचा समूह. इटलीच्या ईशान्येस एड्रियाटिक समुद्र आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये सुमारे ५५० चौरस किलोमीटरचे उथळ खाजण आहे आणि त्यात एकमेकांना खेटून असलेल्या शंभराहून अधिक लहान बेटांवर (रूढ आकडा ११८) जुने शहर वसले आहे. बेटांमधून कालवे जातात आणि कालव्यांवर चारशेहून अधिक पूल आहेत. मुख्य भूमीशी जोडणारा रेल्वेपूल १८४६ मध्ये आणि मोटाररस्ता १९३३ मध्ये झाला. त्याआधीची हजार-बाराशे वर्षे शहरात येण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे होडी. या पानावर ‘व्हेनिस’ म्हणजे हे जुने शहर समजावे. महानगरपालिकेची हद्द त्याहून बरीच मोठी आहे (पाहा : प्रश्न १७).

२. इतकी मोकळी जमीन असताना माणसे चिखलात घरे बांधायला का गेली?

जीव वाचवण्यासाठी. परंपरेने शहराच्या स्थापनेची तारीख २५ मार्च ४२१ अशी सांगितली जाते, पण ती दंतकथा आहे. पाचव्या शतकात हूणांच्या आणि सहाव्या शतकात लोंबार्डांच्या स्वाऱ्यांमुळे मुख्य भूमीवरील लोक टप्प्याटप्प्याने खाजणात सरकले, हे अधिक विश्वसनीय आहे. खाजणाचे पाणी दिसायला सर्वत्र सारखे, पण होडी चालेल इतकी खोली फक्त काही वाटांनाच असते, आणि त्या वाटा परक्याला ठाऊक नसतात. फ्रँक सम्राट शार्लमेनचा मुलगा पेपिन याला ८१० मध्ये ही बेटे जिंकता आली नाहीत, आणि त्याच सुमारास सत्तेचे केंद्र समुद्राकाठच्या मालामोक्कोहून आतल्या रिआल्तो भागात हलले. एखाद्या मोठ्या युरोपीय नगराला असते तशी तटबंदी या शहराभोवती कधीच नव्हती. पाणी हाच तट होता. मीठ आणि मासे यांवर जगणारी ही वस्ती पुढे व्यापारी प्रजासत्ताक बनली आणि १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने विसर्जित होईपर्यंत टिकली.

३. घरे लाकडी खांबांवर उभी आहेत म्हणतात. मग लाकूड कुजत कसे नाही?

कारण ते चिखलात पूर्णपणे गाडलेले असते. ओक, लार्च, आल्डर अशा झाडांचे खांब दाटीवाटीने ठोकून खालच्या घट्ट मातीत रुतवले जातात, त्यांवर फळ्या आणि त्यांवर इस्त्रियाहून आणलेला, पाणी सहसा न शोषणारा पांढरा दगड रचला जातो. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे फारसे चालत नाही. १५८८ ते १५९१ या काळात बांधलेल्या रिआल्तो पुलाखाली सुमारे बारा हजार खांब आहेत असे सांगितले जाते. लाकडापेक्षा खरा धोका त्यावरच्या विटांना आहे. दगडी थर ओलांडून खारे पाणी विटांपर्यंत पोहोचले की मीठ आत जाऊन बसते, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटू लागते. कालव्याच्या कडेने जाताना भिंतींचा खालचा भाग गिलावा गळून उघडा पडलेला दिसतो, तो यामुळेच.

४. सगळीकडे खारे पाणी असताना पूर्वी लोक पीत काय होते?

पावसाचे पाणी, आणि ते साठवण्याची व्हेनिसची रीत या शहराच्या कोणत्याही राजवाड्याइतकीच पाहण्यासारखी आहे. जवळजवळ प्रत्येक चौकात मध्यभागी कोरीव दगडी कठडा दिसतो आणि पाहणाऱ्याला ती विहीर वाटते. प्रत्यक्षात ते जमिनीतील टाके आहे. चौकाखाली काही मीटर खोल मोठा खड्डा खणून त्याचा तळ आणि बाजू चिकणमातीने लिंपत, म्हणजे बाहेरचे खारे पाणी आत शिरत नसे. मध्यभागी विटांची नळी उभी करून भोवतीचा सगळा खड्डा वाळूने भरत. चौकाच्या फरसबंदीला किंचित उतार देऊन कठड्याच्या भोवती काही अंतरावर भोके पाडलेले दगड बसवत. छपरांवरून पन्हळींतून आणि फरशीवरून वाहणारे पावसाचे पाणी या भोकांतून खाली जाई, वाळूतून गाळले जाई आणि तळाशी नळीत शिरे. कळशी टाकली जाई ती या नळीत. चौकात उभे राहून खाली पाहिल्यास आजही ती भोके दिसतात. बहुतेक पर्यटक त्यांच्यावर पाय देऊन पुढे जातात.

सार्वजनिक टाक्यांना कुलपे असत, किल्ल्या भागप्रमुखाकडे असत आणि घंटा झाल्यावर ठरलेल्या वेळीच पाणी काढता येई. पाऊस कमी झाला की मुख्य भूमीवरील ब्रेंता नदीचे पाणी पडावांतून आणून टाक्यांत ओतत. मोठी भरती येऊन खारे पाणी फरशीवर चढले तर संपूर्ण टाके नासे, त्यामुळे काही चौकांत टाक्याभोवतीची जमीन मुद्दाम उंच केलेली आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशी सहा हजारांहून अधिक टाकी होती. १८८४ मध्ये नळाने पाणी आले आणि हळूहळू कठड्यांवर लोखंडी झाकणे बसली.

५. मग सांडपाणी कुठे जाते? कालव्यांना वास येतो का?

जुन्या शहराच्या बऱ्याच भागात आजही सलग आधुनिक मलनिस्सारण व्यवस्था नाही. गल्ल्यांच्या फरशीखाली विटांचे जुने नाले आहेत, त्यांतून पाणी कालव्यात जाते, आणि दिवसातून दोनदा येणारी भरती-ओहोटी ते धुऊन नेते. हॉटेले आणि नूतनीकरण झालेल्या इमारतींमध्ये मैला साठवून निवळवणाऱ्या टाक्या असतात. ऐन उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी अरुंद कालव्यांना वास येतो, एरवी फारसा नाही. गाळ साचला की कालव्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी अडवून, पाणी उपसून कोरडा करतात, गाळ काढतात आणि त्याच वेळी भिंती व नालेही दुरुस्त करतात.

६. पत्ता हातात असूनही हॉटेल सापडले नाही. तेथे घरांना क्रमांक कसे देतात?

शहराच्या सहा पेठा आहेत : सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, दोरसोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरक्रमांक गल्लीनुसार नसून पेठेनुसार असतो. पेठेच्या एका टोकाला १ हा क्रमांक असतो आणि तेथून गल्ल्या, बोळ आणि कालव्याचे काठ यांतून वळणे घेत तो वाढत जातो. सान मार्को पेठेतील १ हा क्रमांक डोजच्या (म्हणजे प्रजासत्ताकाच्या निर्वाचित प्रमुखाच्या) राजवाड्याला आहे. कास्तेल्लोतील क्रमांक सहा हजारांच्याही पुढे जातात. त्यामुळे ‘कास्तेल्लो’ आणि पुढे चार आकडी संख्या एवढा पत्ता पोस्टमनला पुरतो, नवख्याला मात्र त्यातून काहीच कळत नाही. यजमानाकडून गल्लीचे नाव आणि जवळच्या होडीथांब्याचे नाव आधी विचारून घ्यावे. गल्ल्यांची नावे भिंतींवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांनी रंगवलेली असतात, परंतु एकच नाव दोन-तीन पेठांत आढळू शकते. म्हणून पेठेचे नाव सोडून चालत नाही.

७. शहरात एकही गाडी नाही हे खरे आहे का? सायकल तरी चालते का?

जुन्या शहरात गाडी नाही आणि सायकलही नाही. ती चालवण्यास बंदी आहे आणि दंड होतो. मोटारी आणि बस शहराच्या पश्चिम टोकाला, पियाझ्झाले रोमा येथे थांबतात. अपवाद आहे तो लिदो आणि पेलेस्त्रीना या खाजणाला समुद्रापासून वेगळे करणाऱ्या लांबट बेटांचा. तेथे रस्ते, बस आणि सायकली आहेत आणि मोटारी फेरीबोटीने नेता येतात. उरलेल्या शहरात माणसे चालतात किंवा ‘वापोरेत्तो’ या सार्वजनिक बोटीने जातात. ही सेवा १८८१ मध्ये सुरू झाली, तेव्हा पोटावर पाय येणार या भीतीने गोंडोलावाल्यांनी संप केला होता. आज पाहुण्यांसाठी ७५ मिनिटांचे तिकीट साधारण साडेनऊ युरोंना पडते. रहिवाशांसाठी दर कितीतरी कमी आहे, आणि तो तसाच असावा.

८. स्थानिक लोक गोंडोलात बसतात का?

फेरफटक्यासाठी जवळजवळ नाहीच. तो दर (२०२३ च्या अखेरीपासून दिवसा सुमारे अर्ध्या तासाला ९० युरो, माणशी नव्हे तर होडीमागे) पर्यटकांसाठीच आहे. मात्र ग्रँड कॅनॉल हा शहराचा मुख्य कालवा ओलांडण्यासाठी काही ठिकाणी ‘त्राघेत्तो’ नावाची उतारूंची होडी आहे : थोडी मोठी गोंडोला, दोन नावाडी आणि पाहुण्यांना दोन युरो भाडे. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या स्थानिक स्त्रिया तीत उभ्यानेच पलीकडे जातात.

गोंडोला सुमारे ११ मीटर लांब असते आणि तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. डावी बाजू अधिक फुगीर असते. एकटा नावाडी मागे उभा राहून उजव्या अंगाला एकच वल्हे मारतो, तरी होडी गोल न फिरता सरळ जाते, ती या वाकडेपणामुळे. काळा रंग सोळाव्या-सतराव्या शतकांतील उधळपट्टी रोखणाऱ्या कायद्यांतून रूढ झाला. शोकाशी त्याचा संबंध नाही.

९. फर्निचर, कचरा, रुग्ण, आग : हे सगळे कसे हाताळले जाते?

पाण्यावरून, आणि मग हातगाडीवरून. किराणा, धुण्याचे कपडे, विटा, कपाटे आणि ऑनलाइन मागवलेली खोकी मालवाहू पडावांतून येतात. मोठ्या पडावांना यारी असते. काठावर उतरलेला माल हातगाडीत भरला जातो आणि या गाड्यांना पुढे आणखी दोन लहान चाके असतात, ती पुलाच्या पायरीवर टेकवून गाडी एकेक पायरी वर चढवली जाते. गर्दीत मागून ‘आतेन्सियोने!’ अशी हाक आली की भिंतीला चिकटून उभे राहावे. त्या माणसाला उतारावर गाडी थांबवणे सोपे नसते.

कचराही असाच जातो. सफाई कामगार सकाळी दारोदार पिशव्या गोळा करून हातगाडीने काठापर्यंत नेतात आणि तेथे बोट तो उचलते. आदल्या रात्री पिशवी दाराबाहेर ठेवणे हा गुन्हा मानला जातो, कारण उंदीर आणि समुद्रपक्षी ती पहाटेपर्यंत फोडून ठेवतात. रुग्णवाहिका, पोलीस, अग्निशमन दल आणि शववाहिका या सर्व बोटी आहेत. मुख्य रुग्णालय पूर्वीच्या एका धर्मसंस्थेच्या, स्कुओला ग्रांदे दी सान मार्कोच्या, संगमरवरी दर्शनी भागामागे आहे आणि त्याला बोटीतून थेट आत जाण्याची सोय आहे. कठीण असते ते शेवटचे शंभर पाऊल : चौथ्या मजल्यावरचा वृद्ध रुग्ण अरुंद जिन्यातून आणि दोन पुलांवरून खुर्चीत बसवून उचलूनच आणावा लागतो.

१०. ‘आक्वा आल्ता’ म्हणजे पूर का? तो कधी येतो?

नदीच्या पुरासारखा तो नसतो. भरती, आग्नेयेकडून वाहणारा सिरोक्को वारा आणि हवेचा कमी दाब यांची गाठ पडली की एड्रियाटिकचे पाणी उत्तर टोकाला ढकलले जाऊन खाजणात शिरते. शरद ऋतू ते हिवाळ्याचा आरंभ हा त्याचा मुख्य काळ. पाणी साधारणतः काही तासांत, ओहोटीबरोबर, परत जाते. पूर्वसूचनेसाठी भोंगे वाजतात आणि त्यामागून येणाऱ्या सुरांच्या संख्येवरून पातळी कळते : एक सूर ११० सेंटिमीटरला, तर चार सूर १४० किंवा अधिक पातळीला. मुख्य वाटांवर फळ्यांचे तात्पुरते मार्ग मांडले जातात. सर्वांत मोठी नोंद ४ नोव्हेंबर १९६६ ची, १९४ सेंटिमीटर. त्यानंतरची १२ नोव्हेंबर २०१९ ची, १८७ सेंटिमीटर.

११. १८७ सेंटिमीटर म्हणजे माणूस बुडेल इतके पाणी रस्त्यावर होते का?

नाही. ही मोजणी रस्त्यापासून होत नाही. १८९७ मधील सरासरी समुद्रपातळी हे तिचे शून्य आहे. सान मार्को चौक शहरातील सर्वांत सखल भागांपैकी असून सुमारे ८० सेंटिमीटरला तेथे पाणी दिसू लागते, तर ११० सेंटिमीटरला शहराचा जेमतेम आठवा भाग ओला होतो. १८७ ला त्या चौकात सुमारे एक मीटर पाणी होते. तळमजल्यावरची दुकाने आणि विजेची जोडणी उद्ध्वस्त करण्यास तेवढे पुरेसे असते.

१२. समुद्रात दरवाजे बसवल्यानंतर हा प्रश्न सुटला का?

बराचसा. ‘मोझे’ या प्रकल्पाचे बांधकाम २००३ मध्ये सुरू झाले. खाजणाची तीन मुखे आहेत : लिदो, मालामोक्को आणि क्योज्जा. त्यांच्या तळाशी एकूण ७८ पोलादी दरवाजे एरवी पाण्याने भरून आडवे निजवलेले असतात. मोठी भरती येणार असली की त्यांत दाबाची हवा सोडून पाणी बाहेर काढले जाते आणि दरवाजे वर उचलले जाऊन समुद्र अडवतात. खर्च पाच अब्ज युरोंच्या वर गेला आणि २०१४ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात अनेकांना अटक झाली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ते प्रथम प्रत्यक्ष वादळात उचलले गेले आणि चौक कोरडा राहिला.

यात दोन मेखा आहेत. दरवाजे अंदाज पाहून उचलतात आणि अंदाज चुकू शकतो : ८ डिसेंबर २०२० रोजी तेव्हाच्या मर्यादेपेक्षा कमी पाण्याचा अंदाज होता म्हणून ते उचलले नाहीत आणि पाणी १३८ सेंटिमीटरपर्यंत चढले. दुसरे असे की आताची मर्यादा ११० सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे त्याखालच्या भरतीत सान मार्को चौक भिजतोच. म्हणून चौकातील सान मार्को बॅसिलिका या चर्चभोवती २०२२ मध्ये काचेची वेगळी भिंत उभारावी लागली. आणि समुद्रपातळी वाढत गेली, तर दरवाजे इतक्या वेळा बंद ठेवावे लागतील की बंदराची वाहतूक आणि खाजणाचे पाणी खेळते राहणे, या दोन्हींची अडचण होईल (प्रश्न ५ मधील धुऊन नेणारी भरती आठवावी).

१३. व्हेनिस खरोखर बुडते आहे का?

जमीन खचणे आणि समुद्र चढणे या दोन क्रिया एकाच वेळी चालू आहेत आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोन्ही मिळून शहर समुद्राच्या तुलनेत सुमारे पाव मीटर खाली गेले आहे. खचण्याचा मोठा भाग विसाव्या शतकाच्या मध्यास घडला, जेव्हा समोरच्या मार्घेरा येथील कारखाने भूजल उपसत होते. उपसा थांबवल्यावर तो वेग पुष्कळ उतरला. जुन्या प्रजासत्ताकाला मात्र उलटीच चिंता होती. नद्यांच्या गाळाने खाजण भरून जाईल आणि शहर जमिनीला जोडले जाईल, या भीतीने त्याने ब्रेंता आणि पियावे यांसारख्या नद्यांची मुखे शतकानुशतके खटपट करून खाजणाबाहेर वळवली. हे केले नसते तर आज बुडण्याचा प्रश्नच उरला नसता, कारण व्हेनिस हे भातखाचरांसारख्या सपाटीवरचे एक सामान्य गाव झाले असते.

१४. व्हेनिसचा आणि महाराष्ट्राचा काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि तो दागिन्यांच्या पेटीत सापडतो. व्हेनिसने १२८४ पासून सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे ‘दुकात’ नाणे पाडले आणि पाचशे वर्षे त्याचे वजन व कस फारसा बदलू दिला नाही. मिरी-मसाल्यांच्या बदल्यात हे नाणे अलेक्झांड्रियामार्गे पश्चिम किनाऱ्यापर्यंत येत असे. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेल्या डोजची आकृती असल्यामुळे आपल्याकडे त्याला ‘पुतळी’ म्हणत, आणि पुतळ्यांची माळ याच नाण्यांवरून, नंतर त्यांच्या नकलांवरून, घडवली जाऊ लागली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर मसाल्यांच्या व्यापारातील व्हेनिसची मक्तेदारी डळमळली, परंतु पुतळ्या त्यानंतरही दीर्घकाळ चलनात राहिल्या.

१५. क्वारंटाइनची पद्धत व्हेनिसने सुरू केली का?

एकट्याने नाही, रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्येच येणाऱ्यांना वेगळे ठेवण्याचा नियम केला होता. व्हेनिसने १४२३ मध्ये रोग्यांसाठी एका बेटावर कायमचे रुग्णालय उभारले आणि पुढे संशयित जहाजांसाठी दुसरे बेट राखले. १५७५–७७ आणि १६३०–३१ च्या प्लेगच्या साथींची आठवण म्हणून दोन सण आजही पाळले जातात : जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेंतोरे आणि २१ नोव्हेंबरला सालुते. दोन्ही वेळी पाण्यावर तात्पुरता पूल टाकून लोक नवसाच्या चर्चला चालत जातात. नोव्हेंबरचा सण पाहावा. त्यात पर्यटक कमी आणि मेणबत्त्या घेऊन आलेली व्हेनिसची कुटुंबे अधिक असतात.

१६. जागाच नाही, तर मृतांना पुरतात कुठे?

नेपोलियनच्या काळात वस्तीत दफन करण्यास बंदी झाल्यापासून सान मिकेले या बेटावर. संगीतकार स्त्राविन्स्की आणि कवी एझ्रा पाउंड यांच्या कबरी तेथे आहेत. सामान्य माणसाला मात्र जागा कायमची मिळत नाही. ठरावीक वर्षांनंतर अस्थी काढून लहान कोनाड्यात ठेवतात.

१७. तेथे आता खरोखर कोणी राहते का? आणि मेस्त्रे हे व्हेनिसच आहे ना?

१९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. रिआल्तोजवळील एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक लावलेला आहे. १९६६ च्या पुरानंतर तळमजले राहण्याजोगे उरले नाहीत, नोकऱ्या मुख्य भूमीवर गेल्या, दुरुस्ती महाग झाली, आणि अलीकडे घर कुटुंबाला देण्यापेक्षा रात्रीच्या हिशेबाने पर्यटकाला देणे मालकाला परवडू लागले. पाण्याची चर्चा जगभर होते. मला मात्र हा उतार अधिक गंभीर वाटतो, कारण त्याला अडवणारे दरवाजे कोणी बांधलेले नाहीत. लोहार, भाजीवाला, शाळेचा वर्ग हे एकेक करून गेल्यावर उरलेल्यालाही राहणे अवघड होते.

मुख्य भूमीवरचे मेस्त्रे हे शहर १९२६ पासून व्हेनिस महानगरपालिकेत आहे आणि पालिकेची बहुसंख्य वस्ती मुख्य भूमीवर राहते. दोन्ही शहरे वेगळी करण्यासाठी १९७९ पासून २०१९ पर्यंत पाच वेळा सार्वमत घेण्यात आले; एकदाही वेगळे होण्याचा निर्णय झाला नाही.

१८. शहरात शिरायला पैसे पडतात म्हणे. मेस्त्रेतील हॉटेलात राहिलो तरी भरावे लागतात का?

२५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत जुन्या शहरात येणाऱ्या दिवसाच्या पाहुण्यांना ५ युरो शुल्क लागू झाले. २०२५ मध्ये दिवस वाढले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी ते १० युरो झाले. महानगरपालिकेच्या हद्दीत मुक्काम असणाऱ्यांना हे शुल्क नाही, कारण ते हॉटेलातच मुक्कामकर भरतात. मेस्त्रे हद्दीत असल्यामुळे तेथे राहणाऱ्यांनाही ते नाही. मात्र सूट आपोआप मिळत नाही. संकेतस्थळावर नोंद करून कोड घ्यावा लागतो आणि तपासनिसाला दाखवावा लागतो. पादुआ किंवा त्रेव्हिझो येथे मुक्काम असेल तर शुल्क भरावे लागते. व्हेनेतो प्रांताच्या रहिवाशांना असलेली सूट तेथील हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला लागू होत नाही, आणि ही गल्लत सर्वाधिक होते. चौदा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. केवळ पियाझ्झाले रोमा येथे उतरून, जुन्या शहरात न शिरता, लिदो किंवा मुरानोसारख्या बेटावर जाणाऱ्यालाही ते नाही. दिवसांची यादी दरवर्षी बदलते. तिकिटे काढण्यापूर्वी ती महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहावी.